मिक्श्चरची दांडी आणि अकरा महिने

23 सप्टेंबर 2024. विसर्जन होऊन आठवडाही झाला नव्हता आणि आमच्या तंत्रनिकेतनात डेडस्टॉकची पडताळणी निघाली. मी वर्कशॉपमध्ये निदेशक आहे. लिपिक भाऊसाहेब रजिस्टर घेऊन पुढे, मी किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागे. मागच्या पडवीत पत्र्याखाली लाकडी घोडीवर एक इंजिन होतं. रजिस्टरमध्ये नोंद होती : ‘विमान इंजिन, चार सिलिंडर, नग 1, नादुरुस्त’. त्यापुढे पेन्सिलीनं ‘निर्लेखन’. म्हणजे भंगारात.

ते इंजिन मी रोज बघत होते, पण पाटीवरची धूळ त्या दिवशी पहिल्यांदा पुसली. कॉन्टिनेंटल सी-90-8एफ. हे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या पुष्पक विमानाचं इंजिन. पुष्पक म्हणजे वर पंख असलेलं, दोन माणसांचं, कापडानं मढवलेलं छोटं विमान. 28 सप्टेंबर 1958 ला ते पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोरं त्यावर शिकली. ते बनलं तेव्हा एचएएलचे मुख्य डिझायनर होते डॉ. वि. मा. घाटगे, आपल्या कोल्हापूरकडचे, जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिकीचे शास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले. एवढं सगळं त्या पेन्सिलीच्या एका शब्दात जाणार होतं. मी भाऊसाहेबांना म्हटलं, सहा महिने द्या, चालू करून दाखवते. ते म्हणाले, “मॅडम, लेखी द्या.”

दिलं. जावक क्रमांक पडला आणि मी अडकले.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी की जुनी इंजिनं बऱ्याच कॉलेजांच्या पडव्यांत पडलेली आहेत, आणि ती जागी करताना कुठे पाय घसरतो ते कुणी सांगत नाही. एक गोष्ट आधीच स्पष्ट करते : आमचं इंजिन उडणार नव्हतं आणि नाही. उडणाऱ्या विमानाच्या कार्बोरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, परवानाधारक एएमईशिवाय (विमान देखभाल अभियंत्याशिवाय) कुणी हात लावायचा नसतो, आणि पुढे मी जे जुगाड सांगणार आहे ते तिथे चालत नाहीत.

नाशिकमध्ये विमानाचं इंजिन म्हटलं की प्रत्येक जण ओझरकडे बोट दाखवतो. माझ्या आत्याच्या घरचे तिघं एचएएलमधून निवृत्त झालेत. त्यांना विचारलं तर हसले. “आमची हयात मिग आणि सुखोईत गेली. कार्बोरेटर आमच्याकडे कुठला? तो तुझ्या बाबांचा विषय.” तेही खरंच. बाबांचं पंचवटीत गॅरेज होतं, चाळीस वर्षं स्कूटरचे कार्बोरेटर खोलले. आता वय 74, हात थरथरतो, पण कान शाबूत आहेत. शेवटी एका ओळखीतून नाशिकरोडला राहणारे अण्णा सापडले. निवृत्त एएमई, तरुणपणी एका फ्लाइंग क्लबात पुष्पक सांभाळलेले. त्यांनी एकच अट घातली : पंख्याला (प्रोपेलरला) माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सी-90 च्या ‘-8’ प्रकाराला स्टार्टरच नसतो, पंखा हातानं फिरवून इंजिन सुरू करावं लागतं, त्यामुळे ही अट मला मान्य व्हायला फार विचार करावा लागला नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात कार्बोरेटर उतरवला. स्ट्रॉमबर्ग एनए-एस3ए1. बाबांच्या मापानं अवाढव्य, पण आत सगळं ओळखीचं : फ्लोट, सुई, पेट्रोलचं मुख्य भोक म्हणजे मेन जेट, आणि इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारी स्लोची वेगळी वाट. ओळखीची नव्हती ती बाजूची एक दांडी, मिक्श्चर कंट्रोल, म्हणजे हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणारी. ती ‘फुल रिच’ला, म्हणजे जास्तीत जास्त पेट्रोलच्या जागी, ओढून तारेनं बांधून टाकलेली होती, तीही पीळ घातलेल्या नीटस लॉकवायरनं. मला वाटलं कुणीतरी आळशीपणा केलाय. मी तार कापली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. पेट्रोल जळायला वजनात साधारण पंधरापट हवा लागते, आणि पूर्ण ताकद हवी असेल तर साडेबारापट, म्हणजे थोडं रिच. विमान वर गेलं की हवा विरळ होते. कार्बोरेटरच्या अरुंद घशातून, म्हणजे व्हेंच्युरीतून, तितक्याच आकारमानाची हवा जाते पण वजन कमी भरतं. पेट्रोलही कमी येतं, पण हवेच्या प्रमाणात कमी होत नाही. म्हणून मिश्रण आपोआप रिच होत जातं, इंजिन काळं ओकायला लागतं, प्लग काजळतात. स्कूटर घाटात नेली की हेच होतं, पण घाट तासाभरात संपतो. विमानाला मात्र दहा हजार फुटांवर, जिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपट असते, तासन् तास राहायचं असतं. म्हणून वैमानिकाच्या हातात ही दांडी.

या स्ट्रॉमबर्गमध्ये दांडी पेट्रोलची वाट अरुंद करत नाही. तिची युक्ती वेगळी आहे. शहाळ्याला स्ट्रॉ बसेल एवढंच भोक पाडलं तर दोन घोटांनंतर पाणी येईनासं होतं, कारण आत हवा जायला जागा नसते. इथे तसंच. फ्लोट चेंबरवर बाहेरच्या हवेचा दाब असतो, व्हेंच्युरीत कमी दाब, त्या फरकावर पेट्रोल चढतं. दांडी लीनकडे, म्हणजे पेट्रोल कमी करायच्या बाजूला, नेली की चेंबरला हवा मिळायची वाट आक्रसते आणि व्हेंच्युरीचा थोडा ओढा चेंबरच्या डोक्यावरच दिला जातो. फरक कमी, म्हणून पेट्रोल कमी.

आमच्याकडे ही ओढ्याची बारीक वाट मातीनं गच्च होती. कुंभारमाशीनं घर केलं होतं, आत वाळलेल्या कोळ्याचे पाय. (पडवीत ठेवलेल्या कुठल्याही इंजिनाची सगळी भोकं टेप लावून बंद करा. आजच करा.) माती रॉकेलमध्ये भिजवून दाबाच्या हवेनं काढली. तारेनं खरवडू नका, भोकांचं माप बिघडतं.

गॅस्केट, सुई आणि तिची सीट मात्र नवी हवी होती आणि ती अमेरिकेतून येणार होती. इथून पुढचे तीन महिने इंजिनाचे नाहीत, कागदांचे आहेत. तीन दरपत्रकं हवीत म्हणे. जगात हा किट विकणारे मोजकेच, त्यातल्या दोघांनी ईमेलला उत्तर दिलं. तिसरं दरपत्रक नाही म्हणून तुलनात्मक तक्ता होईना. शेवटी ‘दोनच पुरवठादारांनी प्रतिसाद दिला’ अशी टिपणी प्राचार्यांकडून मंजूर करून घेतली, त्यात दिवाळी गेली. 11 नोव्हेंबरला ऑर्डर. 27 तारखेला पार्सल मुंबईत पोचलं आणि कस्टम्समध्ये बसलं. मी पत्ता कॉलेजच्या नावानं दिला होता. संस्थेच्या नावानं माल आला की आयातदाराचा कोड, म्हणजे आयईसी, विचारतात. तो आमच्याकडे नव्हता. शिवाय इन्व्हॉइसवर विक्रेत्यानं नुसतं ‘विमानाचे सुटे भाग’ लिहिलं होतं, त्यावर वेगळे प्रश्न.

आयईसी काढणं अवघड नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर अर्ज, 500 रुपये फी, संस्थेचा पॅन हाच कोड होतो. अवघड होतं ते ओटीपी. तो संस्थेच्या सचिवांच्या मोबाइलवर जायचा आणि सचिव पुतण्याच्या लग्नात. मी मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये उभी राहून, अक्षता पडल्यावर, तो सहा आकडी नंबर घेतला. पार्सल 19 दिवस अडकलं आणि 1,150 रुपये विलंब आकार बसला. तो मला परत मिळाला नाही, कारण ‘या शीर्षाखाली तरतूद नाही’. तुम्ही मागवाल तेव्हा कोड आधी काढा, आणि विक्रेत्याला इन्व्हॉइसवर नेमकं लिहायला सांगा : कार्बोरेटरची गॅस्केट, सुई, सीट, शैक्षणिक प्रात्यक्षिकाच्या इंजिनासाठी, उड्डाणासाठी नव्हे.

जोडणी जानेवारीत झाली. फ्लोटची पातळी सुईच्या सीटखाली पातळ वॉशर कमीजास्त करून बसवायची असते. पुस्तिकेत दिलेलं माप प्रत्यक्ष पेट्रोल भरून, आणि टाकीची उंची पुस्तिकेत सांगितलेल्या दाबाइतकी ठेवून मोजायचं. मी पहिल्यांदा स्कूटरच्या सवयीनं हातात उलटा धरून फ्लोट मोजला. बाबा खुर्चीतून म्हणाले, “आधी वाच, मग मोज.”

पेट्रोलची वेगळीच कहाणी. पंपावर मी प्लास्टिकचा कॅन नेला, त्यांनी हाकलून दिलं, बरोबरच केलं. मग धातूचा कॅन आणि प्राचार्यांचं पत्र. विक्रीसाठी नसलेलं 30 लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला परवाना लागत नाही. आम्ही एका वेळी दहाच्या वर कधी आणलं नाही. खरी भीती इथेनॉलची होती. ते पाणी शोषतं आणि जुन्या रबरी भागांना फुगवतं. तपासायची सोपी रीत : मोजनळीत 10 मिली पाणी, त्यावर 90 मिली पेट्रोल, हलवून ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. आमचा 10 वरून 27 वर गेला. म्हणजे 90 मिलीत 17 मिली इथेनॉल. विमानाचं एव्हगॅस आम्हाला एवढ्या थोड्या प्रमाणात कुणी देईना, म्हणून पेट्रोल पाण्यानं धुतलं, खालचा थर काढला, रात्रभर ठेवून चामड्यातून गाळलं. इथेनॉल काढलं की ऑक्टेन उतरतो. सात पट कॉम्प्रेशनच्या, 80 ऑक्टेनसाठी बनलेल्या इंजिनाला घोडीवर अर्ध्या थ्रॉटलपर्यंत हे चालेल असं अण्णांचं मत पडलं. चाललंही.

सुरक्षा समितीनं 12 फेब्रुवारीला परवानगी दिली. अटी : चारी बाजूंनी जाळीचा पिंजरा (अंबडच्या एका फॅब्रिकेटरनं 8,700 ला बनवला), दोन अग्निशामक, विद्यार्थी 15 मीटर लांब, आणि ‘इंजिन केवळ मंदगतीने, 1,000 आरपीएमच्या आत चालवावे’. मला ही शेवटची अट शहाणपणाची वाटली. तिनं माझे दोन महिने खाल्ले.

22 फेब्रुवारी, शनिवार, सकाळचे आठ, 14 अंश. मुलांनी घोडीला झेंडूचा हार घातला. एकानं पंचवटीचा विनोद केलाच : “मॅडम, इथून पुष्पक एकदाच उडालं, पुन्हा नको.” अण्णांनी आधी मॅग्नेटोच्या, म्हणजे प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या, स्विचची वायर मीटर लावून तपासली. ही वायर तुटली असेल तर स्विच बंद दिसतो आणि मॅग्नेटो जिवंत राहतो. पंखा नुसता हलवला तरी इंजिन पेटू शकतं. मग त्यांनी “स्विच ऑफ” ओरडून विचारलं, मी ओरडून सांगितलं. चार वेळा पंखा फिरवला, पेट्रोल ओढून घेतलं. “कॉन्टॅक्ट.” मी स्विच टाकला. तिसऱ्या झटक्याला मॅग्नेटोच्या स्प्रिंगचा, म्हणजे इंपल्स कपलिंगचा, टक् असा आवाज आला आणि इंजिन लागलं.

माझे पाय कापत होते हे सांगायला लाज नाही. पिंजऱ्याच्या जाळीचा थरकाप बोटांत येत होता. बाबा रिक्षानं आले होते, फाटकाशी उभे. टाळ्या वगैरे नंतर.

पाच मिनिटांनी मी मोठ्या ऐटीत मुलांना म्हणाले, आता बघा मिक्श्चर. दांडी लीनकडे ओढली. काहीच नाही. पूर्ण ओढली. इंजिन आपलं आठशेवर गुरगुरतंय. माझा एक जुना विद्यार्थी धुळ्याला सेसना 152 वर विमान शिकतो. त्यानं सांगितलं होतं, मिक्श्चर पूर्ण ओढलं की इंजिन बंद, आम्ही रोज असंच बंद करतो. इथे बंद तर सोडाच, आवाजही बदलेना. मॅग्नेटोनं बंद केलं आणि मान खाली घालून निघाले.

मार्चमध्ये कार्बोरेटर तीनदा उतरवला. माझ्या डोक्यात कुंभारमाशी बसली होती. वाट अजून कुठेतरी चोंदलीय असं धरून चालले. प्रत्येक वेळी गॅस्केट फाटलं, किटमध्ये एकच जोडी, मग नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या दुकानातून गॅस्केट पेपर आणून मीच कापले. वाट प्रत्येक वेळी मोकळीच निघाली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, “माझ्या हाताखालच्या पुष्पकांची दांडी तारेनं बांधलेलीच असायची. कधी कुणी हलवली नाही.” म्हणजे ती लॉकवायर आळस नव्हती, कुणीतरी विचार करून बांधली होती. मी मनातल्या मनात त्या अनोळखी माणसाची माफी मागितली.

तिसऱ्यांदा उतरवला त्या रात्री मी जेवता जेवता बाबांना सगळं सांगत होते. ते वरणात भात कालवत ऐकत होते. मग म्हणाले, “अगं, तू स्लोला तपासतेस होय?”

मी गप्प.

“स्लोला मेन जेट काम करतो का? थ्रॉटल बंद, घशात हवा नाही, ओढा नाही. पेट्रोल स्लोच्या वाटेनं येतंय. तुझी दांडी ओढ्यावर चालते म्हणालीस ना? मग ओढाच नाही तर ती हलेल कशी?”

चाळीस वर्षं स्कूटर, एकदाही विमान नाही. मी पुस्तिका उघडली. तिथे शब्दशः तेच होतं, आणि पुढे हेही की या पद्धतीत दांडीनं इंजिन बंद होत नाही, ते मॅग्नेटोनंच करायचं. सेसना 152 वर मार्व्हल-शेब्लर घराण्यातला कार्बोरेटर असतो. त्यातली दांडी पेट्रोलची वाटच बंद करते. माझा विद्यार्थी बरोबर होता, फक्त दुसऱ्या कार्बोरेटरबद्दल.

आता गती वाढवायची परवानगी हवी होती. समितीला ‘दोष नाही हे सिद्ध करण्यासाठी’ असं कारण पटेना. दोष नाही तर वाढीव गती कशाला? 2 एप्रिलला टिपणी दिली, दोनदा शेरा मारून परत आली. तिसऱ्या वेळी मी आकृती काढली, शहाळ्याचीसुद्धा. 21 तारखेला 2,000 आरपीएमपर्यंत मंजुरी, घोडी जमिनीला अँकर बोल्टनं ठोकायच्या अटीवर.

26 एप्रिल, दुपारचे दोन. मुद्दाम ही वेळ घेतली. भिंतीवरचा थर्मामीटर 40 दाखवत होता. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर, त्यात ही तापलेली, पसरलेली हवा. हिशेब केला तर इंजिनासाठी हे सुमारे 5,400 फुटांसारखं होतं. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर, म्हणजे जवळपास तेवढंच. मुलांना म्हटलं, इंजिन कॉलेजच्या अंगणात उभं आहे, पण त्याला वाटतंय आपण कळसूबाईवर आहोत.

1,800 वर स्थिर केलं. आवाज जाड, घोगरा. दांडी ओढायला सुरुवात केली, एक बोट, दोन बोटं. टॅकोमीटरचा काटा हळूच वर सरकला : 1,810, 1,830, 1,840. आवाज मोकळा झाला, जसं घशातलं काही निघून गेलं. अजून ओढली तशी गती उतरली आणि इंजिन अडखळायला लागलं. जरा मागे रिचकडे आणून सोडली, तीच योग्य जागा. नंतर मे महिन्यात पावसानं हवा थंड झाली त्या दिवशी तीच गती, तेच माप : जेमतेम 15 ची वाढ. फळ्यावर दोन्ही आकडे शेजारी लिहिले, मुलांना आणखी काही सांगावं लागलं नाही. एक सांगते, जास्त लीन करून मोठ्या थ्रॉटलवर चालवू नका, सिलिंडर हेड तापतात. आम्ही काट्यासाठी ओढायचो आणि लगेच परत.

बाबा त्या दिवशी आले नाहीत, ऊन फार होतं. फोनवर आवाज ऐकवला. “आता बरोबर बोलतंय,” एवढंच.

जुलैत मला पुन्हा एकदा मिक्श्चरनं फसवलं. 19 तारीख, भुरभुर पाऊस, 23 अंश. 1,600 वर चालू असताना दहा मिनिटांत गती आपोआप 1,450 वर आली, इंजिन खोकायला लागलं. दांडी पुढे-मागे करून फरक नाही. बंद केलं, कार्बोरेटरला हात लावला तर फ्रीजमधल्या बाटलीसारखा गार, बाहेरून घामेजलेला. दहा मिनिटांनी सुरू केलं तर ठणठणीत. अण्णा हसत होते. आत बर्फ झाला होता. पेट्रोलची वाफ होताना आणि घशात दाब पडताना तापमान वीसेक अंशांनी सहज उतरतं, आणि पावसाळी हवेत ओल भरपूर. बर्फ घसा आवळतो, बंद केलं की वितळतो आणि पुरावा नाहीसा. एक्झॉस्टभोवती पत्र्याचं आवरण करून गरम हवेचा पाइप दिला, त्यानंतर त्रास नाही. गरम हवा विरळ, म्हणून ती दिली की मिश्रण पुन्हा थोडं रिच होतं, हेही मुलांनीच काट्यावरून सांगितलं.

खर्चाचा हिशेब विचारतील म्हणून : किट आणि वाहतूक 13,900, शुल्क व क्लिअरिंग 5,300, विलंब आकार 1,150, आयईसी 500, पिंजरा 8,700, पेट्रोल, कॅन, गॅस्केट पेपर वगैरे 2,450. एकूण 32,000. कॉलेजनं 25,000 मंजूर केले होते.

ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांकडे गेले. म्हटलं, रजिस्टरमधलं ‘नादुरुस्त’ खोडा, इंजिन चालतंय. ते म्हणाले, खोडता येत नाही. ‘दुरुस्तीअंती कार्यरत’ अशी नवी नोंद घ्यावी लागेल, त्यासाठी प्रपत्र, तीन सह्या आणि दुरुस्ती बाहेरून केली असल्यास बिल. बाहेरून केली नाही म्हटलं तर, मग कुणी केली त्याचं प्रमाणपत्र. ते मी स्वतःलाच देऊ शकत नाही. अण्णांची सही चालेल का, हे प्राचार्य विचारून सांगणार आहेत. पेन्सिलीचा शब्द तेवढा भाऊसाहेबांनी माझ्यासमोर रबरानं पुसला.